प्रतिसाद: फिशप्लेट घट्ट आवळली तर रूळ उन्हात फुगणार कसा?

वर विचारलंय की फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी पोलादी पट्टी, चार बोल्ट आवळून बसवल्यावर रुळाला प्रसरण पावायला वाव कुठे राहतो? रास्त शंका आहे. गंमत अशी की फिशप्लेट रुळाच्या उभ्या पोटाला चिकटतच नाही. वर डोक्याच्या खालची उतरती कड आणि खाली पायाची वरची कड, एवढ्या दोनच ठिकाणी ती पाचरीसारखी अडकते. रुळातली भोकं बोल्टापेक्षा मोठी असतात, म्हणून रूळ थोडा मागेपुढे सरकतो. हिशेब करा: १३ मीटरचा रूळ, तापमानात ३० अंशांचा फरक, म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. दोन रुळांच्या टोकांमधे फट ठेवतात ती तेवढ्यासाठीच. आणि सरकणं सुरळीत राहावं म्हणून वर्षातून एकदा, थंडीच्या आसपास, प्लेटा उघडून ग्रॅफाइट-तेल चोपडतात. हे काम टाळलं की सांधा गंजून जाम होतो आणि मग तुमची भीती खरी ठरते.

'आता सगळं वेल्डिंग झालंय, फिशप्लेट इतिहासजमा' असंही वर कुणी म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. वेल्ड तडकला तर धावून येते तीच, फक्त मधे फुगीर घडवलेली, म्हणजे वेल्डचा उंचवटा त्या पोकळीत बसतो. ती शिकंज्यांनी आवळतात, भोकं पाडायची गरज नाही. मीटरमागे ५२ आणि ६० किलो वजनाचे रूळ एकमेकांना जोडायलाही वेगळी, दोन्ही टोकांना निरनिराळ्या मापाची प्लेट लागते.

बाकी, नावाचा माशाशी काही संबंध नाही हो! जहाजाच्या मोडक्या डोलकाठीला बांधायच्या लाकडी पट्टीला इंग्रज खलाशी 'फिश' म्हणत, तिथून ते आलंय.