मदत हवी आहे: कर्जतच्या बँकरची शिट्टी
नमस्कार मंडळी, माझे आजोबा कर्जतला बँकर इंजिनवर होते, खंडाळ्याचा घाट म्हणजे 37 फुटाला 1 फूट चढ, त्यामुळे लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून ही बँकर इंजिनं लावून ढकलतात हे सगळ्यांना माहितीच आहे. त्यांची एक वही सापडलीये, तेलाचे डाग पडलेली, त्यात पेन्सिलीने लांब रेघ, आखूड रेघ असं काढलंय आणि बाजूला 'खेकडा' लिहिलंय, म्हणजे ते 1500 व्होल्ट डीसी विजेवर चालणारं जुनं स्विस डिझाईनचं इंजिन. रेघा शिट्टीच्या खुणा असाव्यात असं वाटतं. पुढचा ड्रायव्हर आणि मागचा बँकर एकदम जोर कसा लावायचे, त्यासाठी कुठली शिट्टी होती? जुन्या रनिंग स्टाफपैकी कोणी असेल तर प्लीज सांगा, वहीचा फोटो टाकतो.