अंबाझरीच्या काठचे दगड आणि पळसाची फुलं: पूर्ण शार्प फोटो कसा मिळवायचा?

प्रश्न (पळसरंग): २४ मेगापिक्सल क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमी लेन्स. नागपूरच्या अंबाझरी तलावावर जवळचे दगड आणि पलीकडची झाडी दोन्ही शार्प हवीत म्हणून ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) अगदी बारीक, एफ/२२ ठेवतो, तर सगळंच मऊ येतं. उलट पळसाच्या फुलांत एकच पाकळी शार्प आणि मागे फांद्यांचा गोंधळ. दोन्हीकडे काय चुकतंय?

कोराडी_लेन्स: भाऊ, आधी एफ/२२ सोडा. या सेन्सरवर एफ/११च्या पुढे डिफ्रॅक्शन दिसायला लागतं: छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाश पसरतो आणि फोकस असलेला भागही मऊ पडतो. शिवाय शटर मंदावतं, हातात कॅमेरा असेल तर हादऱ्याची भर पडते.

१८ मिमी, एफ/११ला हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यावर क्षितिजापर्यंत शार्प येतं ते) साधारण दीड मीटर. तिथे फोकस केलात तर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं शार्प. पण हा हिशेब मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी आहे. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहाल तर दूरची झाडी किंचित मऊ दिसेलच. म्हणून अडीच मीटरवरच्या दगडावर फोकस करा. जवळची हद्द ९५ सेंटिमीटरवर सरकते, झाडी सुधारते. दगड त्याहून जवळ असेल तर दोन पावलं मागे या. किट लेन्सवर अंतराची पट्टी नसते, त्यामुळे लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) तो दगड दहापट मोठा करून हाताने फोकस लावा. मग झूम हलवू नका, हलला तर फोकस परत तपासा.

सेमिनरी_हिल्स: पळसाचं गणित वेगळं. २५० मिमी, एफ/५.६, दोन मीटर अंतर: शार्प येणारी खोली जेमतेम सव्वा सेंटिमीटर. फूल त्याच्या तिप्पट-चौपट. एफ/११ केलं तरी अडीच सेंटिमीटरच. म्हणून आधी कॅमेऱ्याची जागा बदला. फूल बाजूने, चोचीसारख्या वाकड्या पाकळीचा बाक आडवा दिसेल असं घ्या, म्हणजे तो बाक सेन्सरला समांतर येतो. समोरून घेतलं की चोच तुमच्याकडे येते आणि मागचा काळपट मखमली देठ गेलाच समजा.

मागच्या गोंधळाला ॲपर्चर उघडून पळवू नका, अंतराने पळवा. मागे आठ-दहा मीटर मोकळी जागा असलेला घोस निवडा, किंवा खाली बसून निळं आकाश मागे घ्या. मग एफ/११लाही पार्श्वभूमी सपाट येते. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००ला १/८०० सेकंदाचं शटर मिळतं, वाऱ्याने डुलणारी फांदीही थांबते. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र जोडणं) मात्र वाऱ्यात नकोच, दोन फ्रेममध्ये फूल जागेवर राहत नाही.

पळसरंग: झाडीचे फोटो दुपारचे आहेत. त्याचा काही संबंध?

कोराडी_लेन्स: मोठा संबंध. नागपूरच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, दूरचं सगळं लहरत मऊ होतं. ॲपर्चर कितीही बदला, ते सुटत नाही. ओळखायचं असं: ट्रायपॉडवर एकाच सेटिंगचे पाच फ्रेम घ्या. मऊपणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा आला तर हवा, सारखाच आला तर फोकस किंवा डिफ्रॅक्शन.