मदत हवी आहे: स्लर्मच्या रांगेत लांबलचक जॉबचे तुकडे कसे पाडावेत?

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या सामाईक क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांचा समूह; तिथे कोणाचा जॉब कधी चालायचा ते स्लर्म ही प्रणाली ठरवते) मी ग्रोमॅक्स या रेणूंच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रथिनाचं सिम्युलेशन चालवतेय. ७२ तासांचा वॉलटाइम (जॉब चालण्याची कमाल मुदत) मागितला की जॉब पेंडिंगमध्येच पडून राहतो, कारण म्हणून ‘प्रायॉरिटी’ दिसतं, म्हणजे जास्त प्राधान्याचे जॉब पुढे आहेत. आमच्या गटाचा वापर नुकताच बराच झाल्यामुळे फेअरशेअर (आधीच्या वापरावरून ठरणारा प्राधान्याचा भाग) घसरलाय. ते मला न्याय्यच वाटतं. यंत्रणा सगळ्यांची आहे.

बॅकफिलमध्ये, म्हणजे मोठे जॉब सुरू व्हायची वाट बघताना रिकामी राहिलेली जागा भरताना, कमी वेळेचे जॉब मधल्या फटीत बसतात, म्हणून ६-६ तासांचे तुकडे करावेत असं मनात आहे. ग्रोमॅक्स एरवीही दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (जिथून काम पुढे सुरू करता येतं अशी नोंद) लिहितं, आणि ‘मॅक्सएच’ हा पर्याय दिला की मुदतीआधी नीट थांबतं. त्यामुळे काम वाया जायची भीती नाही. खरी अडचण पुढे आहे. तुकडे डिपेंडन्सीने जोडले (आधीचा संपल्यावरच पुढचा सुरू व्हावा अशी अट घातली), तर आधीचा संपेपर्यंत पुढच्याचं रांगेतलं वय, म्हणजे प्राधान्य वाढवणारा वाट बघण्याचा काळ, सहसा मोजलं जात नाही. मग प्रत्येक तुकडा पुन्हा तळापासून वाट बघणार ना?

कोणी अशी साखळी चालवली आहे का? किती तासांचा तुकडा सोयीचा पडला? वय मोजण्याची सेटिंग बदला, अशी विनंती अॅडमिनना करणं इतर वापरकर्त्यांवर अन्याय ठरेल का? हे शेवटचं मला मनापासून जाणून घ्यायचंय.