इमारतींच्या नावाआधी ‘द’: नियम शिकवायचा की नावं पाठ करायची?

मूळ पोस्ट
मी इंग्रजी शिकवते. काल एका मुलीच्या वहीत ‘द बकिंगहॅम पॅलेस’ दिसलं. ‘द’ खोडला, तर तिने लगेच विचारलं, “मग ‘द व्हाइट हाउस’ कसं चालतं?” तिने पाठ केलेला नियम असा: प्रसिद्ध इमारतीला ‘द’ लावा. हे नियम शिकवणं बंदच करावं, असं माझं ठाम मत आहे. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे चूक आपल्या कानाला खटकत नाही. नाव शिकतानाच ‘द’सकट किंवा ‘द’शिवाय तोंडात बसवावं.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. नियम चुकीचा शिकवला गेला, म्हणून नियमच नको? प्रसिद्धीचा इथे काय संबंध! पहिला शब्द बघा. तो गावाचं किंवा माणसाचं नाव असेल तर बहुधा ‘द’ नाही: विंडसर कॅसल, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी, कार्नेगी हॉल. ‘व्हाइट’ हे साधं विशेषण, म्हणून तिथे ‘द’. आणि मध्ये ‘ऑफ’ आला की ‘द’ आलाच: द टॉवर ऑफ लंडन, द पॅलेस ऑफ वेस्टमिन्स्टर. त्या मुलीला हे दोन मिनिटांत कळलं असतं.

प्रतिसाद २
क्रायस्लर हे माणसाचंच नाव ना? तरी ‘द क्रायस्लर बिल्डिंग’. सिडनी हे गावच, तरी ‘द सिडनी ऑपेरा हाउस’.

प्रतिसाद १
शेवटी ‘बिल्डिंग’ असेल तर आधी कोणाचंही नाव असो, ‘द’ लागतो. एम्पायर स्टेटचंही तेच. म्हणजे शेवटचा शब्दही बघायचा. सिडनीचा अपवाद मान्य.

मूळ पोस्ट लिहिणारी
शेवटच्या शब्दावर तरी किती विसंबायचं? न्यूयॉर्कचं ‘लिंकन सेंटर’ सहसा ‘द’शिवाय, वॉशिंग्टनचं ‘द केनेडी सेंटर’ मात्र ‘द’सकट. दोन्हीकडे शेवटी सेंटरच. आता हे मुलांना कोणत्या नियमाने समजावू?

प्रतिसाद ३
पण उद्या कधीच न ऐकलेलं नाव समोर आलं तर पाठांतर काय कामाचं? अंदाज बांधायला काहीतरी आधार लागतोच. परभाषेतल्या नावांचंही बघा: द ताजमहाल, द क्रेमलिन, द लूव्र. महाल म्हणजे पॅलेसच, पण इंग्रजी कानाला तो अर्थ ऐकू येत नाही, म्हणून बकिंगहॅमचा न्याय तिथे लागत नसावा.

मूळ पोस्ट लिहिणारी
ताजमहालाचा मुद्दा आवडला. ‘ऑफ’ आणि ‘बिल्डिंग’ हे दोन नियम उद्याच वर्गात सांगते. सेंटरवाली नावं मात्र पाठच करून घेणार.