अपस्मारात पथ्य नेमके कशाचे पाळावे?

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या भावाला अपस्माराचे (फिट येण्याच्या आजाराचे) निदान होऊन चार महिने झाले असून त्याला कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू आहेत. घरी येणारा प्रत्येक जण नवे पथ्य सांगतो, कोणी आंबट बंद करायला लावतो तर कोणी दूध, आणि भाऊ आता भरल्या ताटावरून अर्धपोटी उठू लागला आहे. खरोखर काय टाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : ताई, आधी त्याला पोटभर जेवू द्या. आंबट किंवा दूध यांमुळे झटके येत नाहीत; उलट जेवण चुकवून फार वेळ उपाशी राहणे काहींना बाधते. मी १४ वर्षे औषधे घेत आहे आणि माझ्या मते खरे पथ्य गोळीचे व झोपेचे आहे. परीक्षेसाठी सलग दोन रात्री जागलो, त्यातच रात्रीची गोळी राहिली आणि पहाटे मोठा झटका आला. तेव्हापासून सात कप्प्यांची डबी उशाशी असते. त्या दिवसाचा कप्पा रिकामा दिसल्याशिवाय मी दिवा मालवत नाही. दारू टाळावीच. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गीय फळही नको, कारण त्याने रक्तातील कार्बामाझेपिनचे प्रमाण वाढून चक्कर येऊ शकते किंवा एकाच्या जागी दोन दिसू शकतात. दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उत्तर २ : कोणी किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय व गोड पदार्थांचा) सुचवला, तर तो घरच्या घरी मुळीच सुरू करू नका. १९२१ पासून वापरात असलेला हा उपचार मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी, विशेषतः मुलांमध्ये, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिला जातो. न्हाणीघराची कडी मात्र आजपासून आतून लावू देऊ नका. माझी मुलगी दाराला ‘आत आहे’ अशी पाटी अडकवते, त्यामुळे तिचा खासगीपणाही राहतो. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. ५ मिनिटांत झटका थांबला नाही, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. मोबाइलही बंद करावा का?

उत्तर १ : लुकलुकत्या प्रकाशाने झटका येणारे रुग्ण शंभरात साधारण तीनच असतात. भाऊ त्यांपैकी आहे का, हे ईईजीवरून (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीवरून) कळू शकते, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. रात्री मात्र मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण त्यापायी झोप मोडते.