कप्पीचा व्यायाम नको
अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हातासाठी एकांनी दाराला कप्पी लावून दोरीने हात वर ओढायला सांगितलंय. रोज व्यायाम हवाच, पण कृपया कप्पी नको. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडतात, दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकू शकतं. अशात ओढाओढ केली की खांदा धरलाच समजा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांमध्येही हा व्यायाम टाळायला सांगितलाय.

माझ्या बाबांनाही अर्धांगवायू झाला होता. त्यांना उठवताना आम्हीही काखेत हात घालून ओढायचो, तेही तितकंच वाईट. सदरा चढवताना ते अक्षरशः कळवळायचे. मग फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दाखवलं: बसले की हाताखाली उशी, बाही आधी लुळ्या हातात घालायची, काढताना मात्र तो हात शेवटी. महिन्याभराने बाबा रात्री सलग झोपू लागले.