मदत हवी आहे: आई-अण्णा ऑर्लँडोत, मिल्टन वादळ येतंय. थांबावं की गाडीनं निघावं?

कुंभारगल्ली (कोल्हापूर, 8 ऑक्टोबर 2024, सकाळ)

मंडळी, फ्लोरिडात राहिलेलं कुणी असेल तर लवकर सांगा.

आई, अण्णा, ताई, दाजी आणि भाचरं फिरायला ऑर्लँडोला गेलीत. हॉटेल शहरातच, चौथा मजला. परतीचं विमान गुरुवारी 10 तारखेला, आणि विमानतळ बुधवारी सकाळी आठपासून बंद. मिल्टन मेक्सिकोच्या आखातात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं झालंय, वारा ताशी 285 किलोमीटर. बुधवारी रात्री टॅम्पाच्या आसपास किनाऱ्याला लागणार म्हणे. दाजी म्हणतात भाड्याच्या गाडीनं आत्ताच उत्तरेला अटलांटाकडे सुटू. अण्णा जागचे हलायला तयार नाहीत. 2019 च्या पुरात शाहूपुरीत पंचगंगेचं पाणी उंबऱ्याला लागलं तरी "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" विचारत बसले होते, शेवटी नावेतून काढावं लागलं. आता तिथून मलाच विचारतात, "इथली धोका पातळी किती?"

प्रश्न तसा बरोबर आहे. राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ. तिथं कुठला आकडा बघायचा? टीव्हीवाले 285 च्या पुढं जाईनात.

आईला इन्सुलिन आहे. त्यात नवरात्राचा उपवास.

टॅम्पाकर

दाजींना म्हणावं, गाडी जागेवर ठेवा. आम्ही टॅम्पातले लोक झोन ए मध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी सगळ्यात आधी शिरेल त्या पट्ट्यात, आहोत म्हणून घर सोडतोय. उत्तरेकडचे रस्ते तुंबलेत, पंपांवर पेट्रोल संपत चाललंय. म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्यात अडकू नका.

अण्णांना सांगा, श्रेणी फक्त वाऱ्याची. माणसं जास्त मरतात ती पाण्यानं, पावसाच्या पुरानं आणि वादळ समुद्र ढकलत आत आणतं त्यानं. म्हणून किनाऱ्यावर घर कुठल्या झोनमध्ये ते बघायचं आणि त्या झोनला निघायचा हुकूम झाला की निघायचं. इथं शिकवतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. ऑर्लँडो समुद्रापासून आत आहे, हॉटेल पक्कं आहे, तेव्हा लपायचं.

तव्यावरची_भाकरी

आईंचा उपवास आधी सोडवा. देवी समजून घेईल, साखर घेणार नाही. इन्सुलिन थंड राहील अशी सोय आजच करा, वीज गेली तर फ्रिजचा उपयोग नाही. बर्फ असेल तर इन्सुलिन त्याला थेट टेकवू नका, गोठलं की वाया गेलं. प्यायचं पाणी, बिस्किटं, केळी, औषधं, पासपोर्ट एका पिशवीत. टब भरून ठेवा, संडासात ओतायला लागेल. काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात त्याचा काही उपयोग नसतो, त्यात वेळ घालवू नका.

टॅम्पाकर

राहिलंच. वादळ यायच्या आधीसुद्धा टोर्नेडो होतात. दाजींच्या फोनवर कर्कश इशारा वाजला तर खिडकीपासून लांब, खालच्या मजल्यावर आतल्या बाजूला जायचं. जिना वापरा. आणि वारा एकदम थांबला म्हणून कुणी फोटो काढायला बाहेर जाऊ नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, डोळ्याभोवतीची मागची भिंत, म्हणजे सगळ्यात जोराचा वारा, अजून यायची असते.

कुंभारगल्ली (8 ऑक्टोबर, रात्र)

थांबायचं ठरलं. दाजी फुगलेत, पण ताईनं चावी काढून घेतली. आईनं आधी ऐकलं नाही. मग बायकोनं इथून व्हिडिओ कॉलवर घट दाखवला, "तुमच्या वाटणीचा उपवास मी करते" म्हणाली, तेव्हा भात खाल्ला.

कुंभारगल्ली (10 ऑक्टोबर, संध्याकाळ)

सगळे सुखरूप. मिल्टन सिएस्टा की बेटाजवळ तिसऱ्या श्रेणीचं होऊन लागलं. हॉटेलात दिवे लुकलुकले, पाऊस रात्रभर, भाचरं झोपली, मोठं कुणी झोपलं नाही. वादळ लागलं पश्चिमेला आणि सेंट लुसी काउंटीत, पूर्वेच्या किनाऱ्यावर, टोर्नेडोनं माणसं गेली, तीही वादळ पोचायच्या आधी. टॅम्पाकर, तुमचं घर?

टॅम्पाकर

शाबूत. वादळ आमच्या दक्षिणेला लागलं, त्यामुळं वाऱ्यानं टॅम्पाच्या खाडीचं (टॅम्पा बे) पाणी उलट बाहेर ओढलं. थोडं उत्तरेला लागलं असतं तर आज हे लिहीत नसतो. वीज नाही, फोन जपून वापरतोय.

कुंभारगल्ली

देवीची कृपा. आता पुढचं. विमान रद्द झालंय. हवामानामुळं रद्द म्हणून कंपनी हॉटेलचा खर्च देत नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण ते घेतले तर नवं तिकीट दुप्पट भावात, म्हणून पुढच्या विमानात जागा मागतोय. इथून काढलेल्या प्रवास विम्यात उशिराची भरपाई आहे. पॉलिसी मिल्टनच्या बऱ्याच आधीची, त्यामुळं 'माहीत असलेलं संकट' म्हणून नाकारायला नको. एजंट म्हणतो विमान कंपनीकडून रद्द झाल्याचं लेखी पत्र लागेल, नुसता मेसेज चालणार नाही. असं पत्र कुणी काउंटरवर मागून घेतलंय का? की ईमेलनं मिळतं? जादा रात्रींच्या हॉटेलची बिलं एकट्या दाजींच्या नावावर आहेत, आई-अण्णांच्या पॉलिसी वेगळ्या. बिलं वेगळी करून घ्यायला लावू का?